आधी अंगण, मग फळा



या सत्रात आपल्या वर्गाला नव्या बाई मिळाल्या, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यांचे पहिले सहा आठवडे आता पूर्ण झाले. या सहा शनिवारांत पाठ्यपुस्तक एकदाही उघडले नाही आणि फळ्यावर बाराखडीही आली नाही. मुले मात्र घरी येऊन "आई, आपल्याकडे उलथनं आहे का?", "बाबा, आत्या म्हणजे नक्की कोण?" असे प्रश्न विचारू लागली. साहजिकच काही पालकांनी विचारले, "अहो, पुस्तक केव्हा सुरू होणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलांना उठवून, गाडी काढून वर्गाला आणायचे, तर त्यातून काय साधते हे कळायलाच हवे.

आम्ही पालक मंडळींनी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला, तेव्हा आपल्या बाईंच्या पद्धतीची मुळे १९४५ सालच्या बोर्डी गावात सापडली. म्हणून हा लेखप्रपंच. मोठ्यांनी हा पाठ लहानांना वाचून दाखवावा. शेवटचा स्वाध्याय मात्र दोघांनी मिळून सोडवायचा आहे.

१. बोर्डीची गोष्ट

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव डहाणू तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून ते पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी इथे लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला त्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले होते. म्हणजे शहरातल्या मुलांना कसे शिकवायचे ते त्यांना चांगले अवगत होते. प्रश्न होता खेड्यातल्या गरीब मुलांचा.

त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. त्या ३५ वर्षांच्या होत्या. लहानपणीच वैधव्य आले, तरी शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या आणि पुण्याला हुजूरपागेत शिकवत होत्या. अनुभव गाठीशी होता, पण बोर्डीत त्या नव्याच बाई! पुण्याच्या शाळेत मुली वेण्या घालून, दप्तर घेऊन, घंटेच्या आत हजर असत. बोर्डीत शाळेची जागा होती, बाई होत्या, पण ज्यांच्यासाठी हे सारे मांडले ती गरीब वस्तीतली मुलेच येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कुणी घरच्या कामात होते, आणि शाळा ही आपल्यासाठी असते असे कुणालाच वाटत नव्हते.

मग त्यांनी काय केले? मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची असे ठरवले. बाई वस्तीवर जाऊ लागल्या. तिथल्या पहिल्या पाठात अक्षर नव्हते. हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, हाच पहिला पाठ. मग गाणी, गोष्टी, खेळ. मॉण्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पाने, काड्या ही साधने झाली. मोजायला शिंपले, रंग ओळखायला पाने-फुले, लहान-मोठे समजायला खडे. अंगणात भरणारी ही शाळा म्हणून तिचे नाव "अंगणवाडी".

पुढे १९५७ साली हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासींची मुले होती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी मुले शाळेत टिकावीत म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिला "विकासवाडी" म्हटले. गुरे चारायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी गुरांच्या कुरणातच शाळा भरवली, ती "कुरणशाळा". प्रत्येक वेळी सूत्र एकच होते. मूल जिथे आहे, तिथून सुरुवात करायची.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण त्याहून मोठी पावती दुसरीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी. आज सुट्टीत गावी गेलात की जी अंगणवाडीची पाटी दिसते, तिचा उगम या दोघींच्या कामात आहे. अनुताई अखेरपर्यंत कोसबाडलाच राहिल्या. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

२. आपले अंगण कोणते?

आता मुले म्हणतील, कुवेतमध्ये अंगण कुठून आणायचे? साल्मिया, अब्बासिया, मंगाफ, फहाहील, कुठेही राहा, दार उघडले की समोर लिफ्ट! पण अंगण म्हणजे केवळ सारवलेली जमीन नव्हे. मूल जिथे सहज वावरते ती जागा म्हणजे अंगण. आपल्याकडे ते अंगण म्हणजे स्वयंपाकघर, गाडी, जमियातली ढकलगाडी आणि आजीशी बोलायचा फोन.

नव्या बाई पेशाने शिक्षिका नाहीत. त्या इथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. कधी रात्रपाळी संपवून, दोन तास झोप काढून त्या वर्गाला येतात. घरी दोन मुले आहेत, म्हणजे डबे, गृहपाठ, गणवेशाची इस्त्री हे सारे त्यांनाही चुकलेले नाही. वर्ग सुरू झाल्यावर त्यांनी पालकांकडे एकच मागणी केली : दर आठवड्याला एका घरी अर्धा तास येऊ द्या, आणि मला दिवाणखान्यात बसवू नका, स्वयंपाकघरात बसू द्या! पहिल्या घरी यजमानांनी खास समोसे मागवले होते. बाई म्हणाल्या, "समोसे नंतर. आधी तुम्ही रोज जे करता ते करा." घरात किती मराठी बोलली जाते, कोण कुणाशी बोलते, कोणत्या वाक्यानंतर मूल इंग्रजीत शिरते, हे त्या नुसते ऐकत होत्या. तपासणी नाही, शेरे नाहीत.

३. सहा शनिवार

पहिला शनिवार, नाती. इथे शेजारीण "अंटी", शाळेच्या बसमधली मदतनीस "अंटी" आणि बाबांची सख्खी बहीणही "अंटी". बाईंनी प्रत्येकाला घरचे झाड काढायला लावले. बाबांची बहीण आत्या, आईची बहीण मावशी, बाबांच्या भावाची बायको काकू, आईच्या भावाची बायको मामी. आईचे माहेर ते आपले आजोळ. एका मुलाने त्याच संध्याकाळी दोह्याला राहणाऱ्या बाबांच्या बहिणीला फोनवर प्रथमच "आत्या" म्हणून हाक मारली. एरवी दोन मिनिटांत संपणारा तो फोन पाऊण तास चालला म्हणे!

दुसरा शनिवार, स्वयंपाकघर. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची होती. टेबलावर लाटणे, झारा, किसणी, सांडशी, पळी, रवी, उलथने असा बाजार भरला. मग क्रियापदे. इंग्रजीत पोळी, भाकरी आणि लाडू या तिन्हींसाठी "मेक" चालते. मराठीत पीठ मळतात, पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, मोदक उकडतात. तसेच भाजी चिरतात, केक कापतात, गाजर किसतात, मटार सोलतात, नारळ फोडतात आणि खोबरे खवतात. हात कसा हलतो ते क्रियापदातच दिसते. त्या आठवड्यात काही घरांत मुलांनी भाकऱ्या थापल्या. आकार कुवेतच्या नकाशासारखे झाले असतील, पण "थापणे" हा शब्द आता कुणी विसरणार नाही.

तिसरा शनिवार, जमिया. किमतीच्या चिठ्ठ्या घेऊन बाईंनी दुकान मांडले. १ दिनार म्हणजे १००० फिल्स. मग २५० फिल्स म्हणजे पाव दिनार, ७५० म्हणजे पाऊण, १२५० म्हणजे सव्वा, १५०० म्हणजे दीड, २५०० म्हणजे अडीच आणि ३५०० म्हणजे साडेतीन दिनार. दीड आणि अडीच हे मराठीचे खास शब्द. "साडेएक" आणि "साडेदोन" कुणी म्हणत नाही, हे मुलांना फार गमतीचे वाटले. मोठ्यांसाठी एक माहिती : कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपयाच चालत होता. आधी भारताचा नेहमीचा रुपया, तर १९५९ पासून आखातासाठी छापलेला खास रुपया. १९६१ साली दिनार आला, तेव्हा १ दिनार म्हणजे १३ पूर्णांक १/३ रुपये असा हिशेब ठरला. म्हणजे १ रुपयाला ७५ फिल्स. मराठीत सांगायचे तर पाऊणशे फिल्स!

चौथा शनिवार, बोली. हा दिवस बाईंनी ठरवलेला नव्हता. आदल्या आठवड्यात सिंधुदुर्गाकडच्या एका मुलाने "माझी पिशवी खंय?" असे विचारले आणि बाकीची मुले हसली. तो मुलगा वर्ग संपेपर्यंत गप्प राहिला. दहा-अकरा वर्षांचे मूल असे एकदा गप्प झाले की पुढच्या वेळी ते इंग्रजीतच बोलते, आणि काही आठवड्यांनी "मला वर्गाला यायचे नाही" म्हणते. बाईंनी पुढच्या शनिवारी फळ्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिले : खंय. मग प्रत्येकाला विचारले, तुमच्या आजीच्या गावी "कुठे" ला काय म्हणतात? कुठं, कुठी, खंय असे शब्द फळ्यावर आले. बाई म्हणाल्या, "पुस्तकात 'कुठे' लिहायचे. पण आजीशी बोलताना आजीचा शब्द वापरायचा. दोन्ही येणारा जास्त हुशार." त्यानंतर त्या मुलाला मालवणी शब्द विचारायला इतर मुलांची रांग लागली. बोर्डी-कोसबाडच्या मुलांची बोलीही पुस्तकातल्या मराठीहून वेगळीच होती. मुलाच्या तोंडची बोली हासुद्धा त्याच्या अंगणाचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते.

पाचवा शनिवार, अरबी पाहुणे. बोर्डीत समुद्रकाठचे शिंपले कामाला आले, तसे इथे रस्त्यावरच्या पाट्या! शाळेत अरबी शिकणाऱ्या मुलांनी शब्द सांगायचे आणि बाकीच्यांनी मराठी शब्द ओळखायचा. साबून म्हणजे साबण, कुर्सी म्हणजे खुर्ची, दुक्कान म्हणजे दुकान, हिसाब म्हणजे हिशेब. तारीख आणि कलम तर जसेच्या तसे. असे शब्द मुख्यतः फारसीच्या वाटेने, दरबारी कारभारातून मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी घरात रुळलेले साबण आणि खुर्ची राहिलेच. काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलला. अरबीत "वकील" म्हणजे प्रतिनिधी, म्हणून गाडीच्या एजन्सीला इथे "वकाला" म्हणतात. कोर्टातल्या वकिलाला अरबीत "मुहामी" म्हणतात.

सहावा शनिवार, फोन. मुलांनी आजी किंवा आजोबांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तरातले पाच नवे शब्द वहीत लिहायचे. अट एकच, ज्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे देता येईल तो प्रश्न चालणार नाही. एरवी बहुतेक घरांतला संवाद "बरा आहेस ना? जेवलास का? अभ्यास कर, दे आईकडे" एवढाच असतो. या वेळी एका मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही लहान असताना दिवेलागणीला काय करायचात?" आजोबा कंदिलाबद्दल बोलत राहिले. वहीत शब्द आले : कंदील, वात, काजळी, राख, काच पुसणे. एका मुलीने मात्र हळूच सांगितले की तिची आजी गेल्या उन्हाळ्यात वारली, आता कुणाला विचारू? बाई म्हणाल्या, "बाबांना विचार, आजी तुम्हाला कोणती गोष्ट सांगायची?" पुढच्या शनिवारी त्या मुलीने पाच नव्हे, वीस शब्द आणले. ते तिच्या बाबांनी तिच्यासाठी वहीत स्वतः लिहिले होते.

४. तासांचा हिशेब

आमच्यातले बरेच जण अभियंते, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय समाधान होत नाही. आठवड्याचे तास १६८. मुलांची झोप रोज ९ तास, म्हणजे ६३. शाळा आणि बस मिळून रोज ८ तास, पाच दिवसांचे ४०. उरले ६५. त्यांपैकी आपला वर्ग २ तासांचा. म्हणजे वर्गाबाहेर ६३ तास मूल बहुधा आपल्याजवळच असते. त्यातला रोज केवळ अर्धा तास ठरवून मराठीत गेला, तर आठवड्याला साडेतीन तास होतात, वर्गाच्या पावणेदोन पट! बाई कितीही चांगल्या असल्या तरी ही वजाबाकी बदलत नाही. बोर्डीच्या बाई अंगणात गेल्या त्यामागेही हेच गणित होते, असे आम्हाला वाटते. मूल दिवसाचा मोठा भाग जिथे घालवते, तिथे शिक्षण पोचले पाहिजे.

५. मग पुस्तक केव्हा?

सातव्या शनिवारपासून. पुस्तक नकोच, असे बाईंचे म्हणणे मुळीच नाही. आपली बहुतेक मुले शाळेत हिंदी शिकतात, त्यामुळे देवनागरी अक्षरे त्यांना येतात. अडचण आहे ती उच्चारांची. "चूल" आणि "चिमटा" यांतला च एकच लिहितात, पण बोलताना दोन वेगळे उच्चार होतात. "जायफळ" आणि "जिरे" यांतल्या ज चेही तसेच. लिपी हा फरक दाखवत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. आणि ळ! हिंदीच्या सवयीने मुले ळ चा ल करतात. पण वेळ आणि वेल, काळ आणि काल यांत अर्थाचाच फरक पडतो. सहा आठवडे ज्याने हे शब्द ऐकले आणि बोलले, तो पुस्तकातला शब्द वाचताना बरोबर उच्चार करील. ज्याने ऐकलेच नाहीत, तो हिंदीसारखे वाचील. म्हणून आधी अंगण, मग फळा.

६. एवढा खटाटोप कशासाठी?

आपल्यापैकी कुणी इथे कायमचे राहायला आलेले नाही. आज ना उद्या प्रत्येक घराला सामान बांधायचे आहे. कधी ते ठरवून होते, कधी अचानक. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा भारतीयांना हातातल्या पिशवीनिशी निघावे लागले. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी परतले, त्यांतले बरेचसे अम्मानमार्गे विमानाने मुंबईला उतरले. तशी वेळ पुन्हा कुणावर न येवो. पण साधी बदली झाली तरी महाराष्ट्रात परतणाऱ्या मुलाला मराठी लागणारच आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला आहे. जो कॅनडाला जाईल, त्याला शाळेसाठी मराठी लागणार नाही. पण आजोबांच्या कंदिलाची गोष्ट त्याला दुसऱ्या कोणत्या भाषेत ऐकता येणार? आणि आजोबा काही इंग्रजीची वाट पाहत थांबणार नाहीत. हे काम मुदतीचे आहे.

स्वाध्याय (मुलांनी आणि पालकांनी मिळून)

१) इंग्रजीत सगळे कपडे-दागिने "वेअर" करतात. मराठीत योग्य क्रियापद लिहा : साडी ___, सदरा ___, फेटा ___, चष्मा ___, गजरा ___, शाल ___.
(शब्द : बांधणे, नेसणे, पांघरणे, घालणे, माळणे, लावणे)

२) या आठवड्याची जमियाची पावती घ्या. त्यातल्या पाच किमती पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांच्या जवळात जवळ नेऊन मोठ्याने वाचा.

३) भारताचे घड्याळ कुवेतच्या अडीच तास पुढे असते. इथे साडेपाच वाजता फोन केला, तर आजीकडे किती वाजलेले असतील? ती तेव्हा काय करत असेल, ते तिलाच विचारा.

४) मोठ्या सुट्टीत गावी जाल तेव्हा जवळच्या अंगणवाडीत जाऊन या. तिथे मोजायला, रंग ओळखायला काय वापरतात ते पाहा आणि वहीत टिपून आणा.

५) पालकांसाठी : या आठवड्यात रोज अर्धा तास कोणता, हे घरात ठरवून फ्रिजवर लिहून लावा. डबा भरतानाचा, गाडीतला की झोपण्यापूर्वीचा? बाई पुढच्या घरभेटीत तपासणार नाहीत, फक्त ऐकतील.

उत्तरे पुढच्या अंकात. ज्यांच्याकडे घरभेट व्हायची राहिली आहे त्यांनी बाईंच्या पाळ्यांचे वेळापत्रक पाहून दिवस कळवावा, आणि कृपया समोसे मागवू नयेत!

कळावे, लोभ असावा.

— पालक मंडळींच्या वतीने, एक पालक